परदेशातली पहिली एकट्याची पदयात्रा : तयारी कशी करावी? (बडोदेकरांचा अनुभव धागा)

वारीला निघणाऱ्याच्या पाठीशी दिंडी असते. सामान ट्रकमध्ये, मुक्काम ठरलेला, दोन वेळचा स्वयंपाक दिंडीचा, आणि पाय मुरगळला तर धरायला चार हात. स्पेनमधली कामिनो दे सांतियागो किंवा जपानच्या शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळांची यात्रा एकट्यानं करायची म्हटली की ही सगळी कामं आपल्याच अंगावर येतात. बडोद्यात राहून त्यांची तयारी कशी करायची, एवढ्यासाठी हा धागा. प्रवासवर्णनं आणि फोटो दुसरीकडे येऊ द्या. इथे आकडे, वस्तू, क्रम, काय बिघडतं आणि का बिघडतं, तेवढंच लिहा.

मांजलपूरहून :

आपलं गाव सपाट आहे, हीच तयारीतली सर्वात मोठी अडचण. कामिनोचा फ्रेंच मार्ग सां-जां-पिए-द-पोर या गावातून सुरू होतो. तिथून यात्रेचं शेवटचं ठिकाण सांतियागो सुमारे ७८० किलोमीटर, बहुतेक जण ३० ते ३५ दिवसांत पोचतात. पण पहिलाच दिवस सगळ्यात अवघड. गाव पावणेदोनशे मीटर उंचीवर आणि वाटेतली पिरेनीज डोंगरातली खिंड १,४३० मीटरवर, म्हणजे एका दिवसात साडेबाराशे मीटरची चढण. पुढे रोन्सेस्वायेस गावापर्यंतचा उतार, एकूण २५ किलोमीटर. कामाटीबागेत रोज दहा फेऱ्या मारून याची तयारी होत नाही.

बारा आठवडे हाताशी ठेवा. पहिले चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, ६ ते ८ किलोमीटर, पाठीवर काही नाही. पुढचे चार आठवडे रविवारी १५ किलोमीटर, पाठीवर चार किलो. नवव्यापासून अकराव्यापर्यंत शनिवार-रविवार लागोपाठ २०-२० किलोमीटर, पूर्ण वजनासह. यातला रविवार महत्त्वाचा. एका दिवसाचे वीस किलोमीटर कुणीही चालतो, आदल्या दिवशीच्या दुखऱ्या पायांवर पुन्हा वीस चालता येतात का ते पाहायचं. बारावा आठवडा जवळजवळ विश्रांतीचा.

चढ-उतारासाठी पावागड. चांपानेरपासून पायी वर जा आणि पायीच उतरा, उडन खटोल्यात (रोपवेत) बसू नका. गुडघे चढताना दुखत नाहीत, उतरताना दुखतात, आणि पुढे क्रूस दे फेर्रोपासून मोलिनासेकाकडे जाणारा दगडी उतार गुडघ्यांची कसोटीच घेतो. पावागडची उंची ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे एक फेरी झाली तरी पहिल्या दिवसाच्या चढाच्या निम्म्याजवळ पोचता. दोन्ही नवरात्रांत तिकडे फिरकू नका, गर्दीत चालण्याची लय सापडत नाही.

चैत्रात निघणार नसाल तर त्याच महिन्यात होणारी रामपुरा-तिलकवाड्याची उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा रंगीत तालीम म्हणून उत्तम. एका दिवसात वीसेक किलोमीटर, वाळू, माती, डांबर सगळं पायाखाली येतं. सप्टेंबरात निघणार असाल तर सराव आपल्या पावसाळ्यात येतो. तेही बरं, पाँचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) आणि सॅकचं कव्हर खरोखर टिकतं का ते घरीच कळतं.

दांडिया बाजारातून :

वजनाचा नियम सोपा आहे : शरीराच्या वजनाच्या दहा टक्के. साठ किलोच्या माणसानं सहा किलो, पाण्याव्यतिरिक्त. दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो, ते त्यावर येणारच.

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये लिहा. रिकामी सॅक १,२०० ग्रॅमच्या आत, ३६ ते ४० लिटर. स्लीपिंग बॅग ७०० च्या आसपास, जून-जुलैत नुसतं लायनर (बॅगेच्या आतली पातळ कापडी पिशवी) पुरतं. अंगावर कपड्यांची एक जोडी, सॅकमध्ये एक, फार तर वरून एक जास्तीचा टीशर्ट. मोज्यांच्या तीन जोड्या. पाँचो, पातळ गरम जाकीट, पटकन सुकणारा पंचा, संध्याकाळच्या चपला, हेडलॅम्प, दहा सेफ्टी पिना. पिना विसरू नका : रात्री धुतलेले मोजे सकाळी ओले राहतात, ते सॅकच्या पाठीला टाचून चालता चालता वाळवायचे. जीन्स, सुती टॉवेल, ‘असू दे’ म्हणून घेतलेलं जाड पुस्तक, शाम्पूची मोठी बाटली, हे पहिल्या पाच दिवसांत पोस्टानं पुढे पाठवलं जातं किंवा धर्मशाळेच्या टेबलावर सोडून दिलं जातं.

सॅक बांधायचा क्रम असा. सगळे पट्टे सैल करा. आधी कमरेचा पट्टा, तो पोटावर येता कामा नये, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. मग खांद्याचे. मग खांद्यावरून मागे जाणारे छोटे पट्टे थोडे ताणा. शेवटी छातीचा. खांदे दुखत असतील तर दहातल्या नऊ वेळा कमरेचा पट्टा वर सरकलेला असतो आणि सगळं ओझं खांदेच वाहत असतात.

कारेलीबागेतून :

पायांबद्दल सविस्तर लिहिते, कारण यात्रा अर्धवट सोडायला लावतात ते बहुतेक वेळा पायच.

बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा. जे मोजे घालून चालणार तेच घालून दुकानात बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नख बुटावर आपटून काळं पडतं. नवे बूट घालून विमानात बसू नका, आधी किमान दीडशे किलोमीटर त्यातच चाला. उन्हाळ्यात जाणाऱ्याला घोट्यापर्यंतच्या जड बुटांपेक्षा हलके ट्रेल शूज बरे, भिजले तरी लवकर वाळतात. घोटा कमकुवत असेल तर मात्र उंच बूटच घ्या.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीला घर्षण सोसत नाही. फोड येतो तो यामुळेच. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक घ्या. सकाळी टाचेला आणि बोटांमध्ये व्हॅसलीन. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून दहा मिनिटं पाय उघडे ठेवा.

फोडाच्या आधी एक जागा गरम लागते, जळजळते. तिथेच थांबायचं. ‘पुढच्या गावात बघू’ म्हटलं की पुढच्या गावात फोडच बघावा लागतो. जागा पुसून कोरडी करा, झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा आणि तिचे कोपरे कात्रीनं गोल करा, टोकदार कोपरा मोज्याला अडकून उचलला जातो. फोड आलाच आणि जेलची पट्टी लावली, तर ती आपणहून सुटेपर्यंत ओढायची नाही, खालची कातडी निघून येते. सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो मानू नका. त्या दोऱ्यावाटे जंतुसंसर्ग आत जातो.

मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदना डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या आणि रोज रात्री छोट्या आरशात तळवे बघा. दुखत नाही म्हणजे जखम नाही, असं धरून चालू नका.

मांडवीहून :

कारेलीबागच्या ताईंनी काठ्यांचं लिहिलं नाही, म्हणून एवढीच भर. दोन काठ्या घ्या, एक नको. चढताना आखूड, उतरताना लांब करा. केबिन बॅगेत त्या बहुधा अडवतात, सामानात द्या किंवा तिथेच विकत घ्या. पॉवर बँकेचं नेमकं उलट, ती हातातल्याच बॅगेत हवी.

रावपुऱ्यातून :

मार्ग फ्रान्सात सुरू होत असला तरी बहुतेक रात्री स्पेनमध्ये जातात, म्हणून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा) स्पेनचाच मागायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस. तिथपर्यंत थांबू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बीपी-शुगर असेल तर जुन्या आजाराचं कलम नीट वाचा आणि डोंगरातल्या सुटकेचा खर्च त्यात बसतो का ते लेखी विचारा.

इथे एक गाठ असते. व्हिसाला मुक्कामाचा पुरावा लागतो आणि सरकारी धर्मशाळा, म्हणजे आल्बेर्गे, आगाऊ आरक्षण घेत नाहीत. उपाय असा की रद्द करता येणारी खासगी बुकिंग करायची आणि अर्जाच्या पत्रात दिवसवार टप्पे, गावांची नावं आणि अंतरं मांडायची. पत्र जितकं नेमकं तितके प्रश्न कमी.

पैसे. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या खिशांत. दोन्हींवर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. एटीएम ‘रुपयांत रक्कम कापू का’ विचारतं, नाही म्हणा, युरोच निवडा, नाहीतर दर महाग पडतो. दीडशे-दोनशे युरो रोख हवेतच, लहान धर्मशाळांत कार्ड चालत नाही. आणि भारतातलं सिम रोमिंगवर चालू असल्याशिवाय बँकेचा ओटीपी येत नाही. हे घरून निघण्यापूर्वी तपासा, माद्रिदच्या विमानतळावर नको.

कामिनोचं पवित्र वर्ष २०२७ मध्ये येतंय, संत याकोबाचा सण, २५ जुलै, रविवारी पडतो म्हणून. त्या वर्षी गर्दी धरून चाला. पहिल्या दिवसाचा खिंडीवरून जाणारा नेपोलियन मार्ग १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो, तेव्हा वाल्कार्लोसचा खालचा रस्ता घ्यायचा.

वाडीतून :

शाकाहारींनी ‘वेजेतारियानो’ एवढ्यावर विसंबू नये, सॅलडमध्ये ट्यूना येतो. कागदावर लिहून न्या : सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम नको. मसुराच्या आमटीत बहुधा चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो, सांतियागोच्या गालिसिया प्रांतातल्या काल्दो सुपात डुकराची चरबी. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, अंडं चालत असेल तर पोटभरीचं. चालत नसेल तर पाव, चीज, टोमॅटो, फळं, बदाम, आणि धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात भात किंवा पास्ता. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी लहान गावांत दिवसभर, म्हणून शनिवारीच खरेदी उरकावी. कारिओन दे लोस कोंदेसनंतर १७ किलोमीटर गाव नाही, तिथे दोन लिटर पाणी भरून निघा.

घरून खाखरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, सगळं मिळून पाव किलो. पेढे, तूप, चक्का नाही : युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

निझामपुऱ्यातून :

शिकोकूचं वेगळं आहे म्हणून थोडक्यात. सुमारे १,२०० किलोमीटर, ४० ते ६० दिवस. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. यात्रेच्या वहीत देवळाचा शिक्का सकाळी आठ ते पाचच्या दरम्यानच मिळतो, साडेपाचला पोचलात तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अडकलात, म्हणून रोजचा हिशेब शेवटच्या देवळापासून मागे करायचा. एका शिक्क्याचे ५०० येन, अठ्ठ्याऐंशींचे ४४,००० येन, सगळे रोख. आपल्या नावाच्या, देवळात वाहायच्या चिठ्ठ्या प्रत्येक देवळात दोन लागतात, म्हणजे १७६. वाटेत लोक खाऊ-पाणी देतात त्यांनाही एक द्यायची असते, म्हणून दोनशेच्या वर घ्या.

अकराव्या देवळाहून बाराव्या शोसानजीपर्यंतचे १३ किलोमीटर डोंगराचे, वाटेत दुकान नाही, सहा ते आठ तास. तेविसाव्याहून चोविसावं ७५ किलोमीटरवर, मध्ये मुक्काम आधी ठरवा. खोली फोनवर एक-दोन दिवस आधी सांगायची आणि जमलं नाही तर फोन करून रद्द करायची, तुमच्यासाठी रांधून ठेवलेलं असतं. पुलावर काठी टेकवायची नाही, खाली कोबो दाइशी (ज्यांच्या नावानं ही यात्रा होते ते बौद्ध संत) निजलेले असतात अशी श्रद्धा आहे. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन आणि खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का ते नेण्यापूर्वी बघा, जपानमध्ये यावर निर्बंध आहेत.

गोत्रीहून :

एकट्या बायकांसाठी. दिवस उजाडल्यावर निघा, अंधारात कामिनोची वाट दाखवणारे पिवळे बाणही दिसत नाहीत. डांबरी रस्त्यावर डावीकडून चाला, तिथे वाहनं उजवीकडून जातात आणि समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. आपत्कालीन क्रमांक ११२. धर्मशाळेत पोचल्यावर आधी गादीची शिवण उचलून ढेकूण बघा, सॅक पलंगावर ठेवू नका.

घरच्यांशी वेळ बांधून घ्या. एप्रिल ते ऑक्टोबर स्पेन आपल्या साडेतीन तास मागे, तिथले दुपारचे दोन म्हणजे इथले साडेपाच. मुक्कामी पोचल्यावर गावाचं आणि धर्मशाळेचं नाव, एवढाच मेसेज. किती तास मेसेज आला नाही तर कुणी, कुणाला फोन करायचा, ते कागदावर लिहून आईजवळ ठेवा, नाहीतर डोंगरात रेंज गेली की घरात घबराट.

मांजलपूरहून पुन्हा :

कुणी विचारलंय, वडील ६८ वर्षांचे, एवढं जमेल का. काकांना सारियाहून सुरू करू द्या. तिथून सांतियागो ११५ किलोमीटर, आठ दिवसांत रमतगमत होतं. प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर पायी पुरेसे असतात, फक्त या पट्ट्यात यात्रेच्या पुस्तकात रोज दोन शिक्के घ्यायचे. सॅक गाडीनं पुढच्या गावी पाठवायची सोय आहे, पण तिथल्या सरकारी धर्मशाळा अशी बॅग ठेवून घेत नाहीत, तेव्हा खासगी खोल्या आधी ठरवा. औषधं, पासपोर्ट आणि शिक्क्यांचं पुस्तक मात्र त्या सॅकमध्ये न ठेवता काकांच्या अंगावर असू द्या.