चहात कीटकनाशक सापडलं म्हणून चहा सोडायचा?

रानवेल: "चहात कीटकनाशकं निघाली, म्हणजे तुम्ही रोज कपभर विष पिताय, आजच सोडा." परवाची ती पोस्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

सात वर्षं कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. चहाचा नमुना आला की कोरडी पत्ती दळायची, पाणी आणि अॅसिटोनायट्राइल (अवशेष ओढून घेणारा द्रव) घालून हलवायची. अर्क इतका काळपट हिरवा निघतो की तो स्वच्छ करण्यातच जीव जातो. अहवालातला आकडा त्या कोरड्या पत्तीचा असतो, कपातल्या चहाचा नव्हे. बायफेनथ्रिन, सायपरमेथ्रिन, डीडीटी ही कीटकनाशकं पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, बहुतेक चोथ्यात राहतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम मात्र विरघळतात आणि कपात उतरतात.

मग इमिडाक्लोप्रिडच घ्या. पत्तीत किलोमागे १ मिलिग्रॅम आहे, दिवसाला १० ग्रॅम पत्ती लागली आणि सगळंच्या सगळं उतरलं, तरी पोटात गेलं ०.०१ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी आयुष्यभर रोज चालेल म्हणून ठरवलेली मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.०६ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ३.६ मिलिग्रॅम. ३६० पट फरक! सापडलं म्हणजे बाधलं, हे कुठलं गणित?

भरदुपार: एका औषधाचा हिशेब मांडून मोकळ्या झालात. पत्तीत एकाच वेळी पाच-सहा सापडतात, त्यांचं काय? शिवाय फळं आपण धुऊन तरी खातो. चहाचं पान खुडलं, सुकवलं, मळलं, वाळवलं की डब्यात, मधे पाणी कुठेच नाही. मी चहा सोडला आणि पंधरा दिवसांत डोकेदुखी थांबली. हा पुरावा मला पुरतो.

तळटीप: तुमची डोकेदुखी कॅफीनची असू शकते. आणि सगळं फवारणीच्या माथी मारू नका. अँथ्राक्विनोन हे रसायन पत्ती वाळवताना लाकडाच्या धुरातूनही येतं. युरोपात एखाद्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर किलोमागे सरसकट ०.०१ मिलिग्रॅम लावतात. ती ओलांडली म्हणजे माणूस आजारी पडेल असं नाही, नियम मोडला एवढंच.

भरदुपार: एवढंच? खुडणी आठ-दहा दिवसांवर आलेली असते. फवारणीनंतर थांबायचे दिवस पाळले नाहीत म्हणूनच मर्यादा ओलांडली जाते. नियम मोडणाऱ्याला मोकळं सोडून मला गणित शिकवताय.

पांदण: तुम्ही सगळे कपावरून भांडताय. माझे वडील दुसऱ्यांच्या शेतात फवारायचे. १६ लिटरचा पंप, झाकणातून गळणारा, पाठीवरचा सदरा कायम ओला. एके संध्याकाळी मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मारून आले आणि ओट्यावरच बसले. तोंडातून लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात रात्रभर उतारा म्हणून अॅट्रोपीनची इंजेक्शनं चालू होती. त्या पिकाचा नमुना कदाचित पासही झाला असेल.

तळटीप: वाईट झालं, पण ते चहाचं पीक नव्हतं. विषय पिणाऱ्याच्या तब्येतीचा आहे.

पांदण: पीक कुठलंही असो, पंप तोच आणि पाठही तशीच. पिणाऱ्याच्या वाट्याला ०.०१ मिलिग्रॅम येतं. फवारणाऱ्याच्या अंगावर किती सांडतं, ते कोणी मोजलंय? तुम्हाला हा विषय वाटत नसेल तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तळटीप: मी तसं म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

रानवेल: पांदण, आमच्या अहवालात त्यासाठी रकानाच नव्हता. सात वर्षांत माझ्याही मनात तो प्रश्न आला नाही, हे कबूल करते.

भरदुपार, मिश्रणाबद्दल: युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये मज्जासंस्था आणि थायरॉईडवरचे एकत्रित परिणाम तपासले. एकूण आहारातला धोका कारवाई करावी लागेल त्या पातळीच्या खाली निघाला. बाकीच्या अवयवांचं तेव्हा झालेलं नव्हतं, तेवढा तुमचा मुद्दा उरतो.

भरदुपार: उरतोच. ३६० पटीचं एका औषधापुरतं मान्य, त्याहून जास्त नाही. चहा मी परत सुरू करणार नाही.

पांदण, वडील कसे आहेत आता?

पांदण: पंप कधीच सोडला. हाताला कंप आहे, डॉक्टर म्हणतात वयाचा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.