धातूला, काँक्रीटला पडणारी चीर कुठनं जाणार हे आता एआय सांगणार का?

सांगलीकर_एमटेक: ग्रुपवर वाद पेटलाय म्हणून इथं टाकतोय. माझं मत, सॉलिड मेकॅनिक्सचं (भार आला की धातू, काँक्रीट कसं वाकतं-मोडतं त्या शास्त्राचं) पुढचं सगळं मशीन लर्निंगकडंच जाणार. मटेरियलचं सूत्र बसवत बसायचे दिवस संपले, टेस्टचा डेटा घाला, न्यूरल नेटवर्क शिकतंय.

कुपवाड_फौंड्री: डेटा कुठनं आणणार भावा? एक फटीगचा पीस (परत परत भार देऊन मोडायचा नमुना) १ कोटी सायकलला न्यायचा तर ५० हर्ट्झला मशीन दोन दिवसांवर अडकतंय, आन् एकाच हीटचे, म्हणजे भट्टीतनं एकदम ओतलेले, दोन पीस सारखे मोडत नाहीत, एकात कातडीखाली ब्लोहोल (वायूची पोकळी) निघतो आन् तिथनंच क्रॅक धरतो.

पाटणचा_पाहुणा: कोयनेकडं बघा की. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, १०३ मीटर उंच धरण, डिझाइनला भूकंपाचा गुणांक ०.०५ (वजनाच्या ५ टक्के आडवा जोर) धरलेला आणि हादरा त्याच्या कितीतरी पट. चिरा पडल्या कुठं, तर खालच्या अंगाचा उतार जिथं एकदम बदलतो त्याच उंचीला. आजबी कुणी काँक्रीट फुटायचं नवं मॉडेल काढलं की कोयनेवर चालवून बघतंय, अबॅकस या असल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमधी हेच धरण आहे. अशी धरणं चिरली किती, म्हणून तुमचं नेटवर्क शिकणार?

सांगलीकर_एमटेक: नुसत्या डेटावर कोण म्हणतंय? २०१९ ला राईसी, पर्डिकारिस, कार्नियाडाकिस यांचा पेपर आला, त्यात भौतिकीचं समीकरणच नेटवर्कच्या ट्रेनिंगमध्ये घालतात. कमी डेटात भागतंय.

वाईवरनं: चिरेच्या टोकाला नाही भागत, तिथं स्ट्रेस एकदम चढतोय आणि नेटवर्कला गुळगुळीत लागतं. त्यापेक्षा फेज-फील्ड ही चिरेचा हिशोब करायची पद्धत बघा. ग्रिफिथनं १९२१ ला चीर वाढायच्या ऊर्जेचा हिशोब मांडला, फ्रँकफोर्ट आणि मारिगोनं १९९८ ला तोच 'एकूण ऊर्जा कमीत कमी' असा लावला, पुढं चीर रेघ न धरता पसरट पट्टा धरली. कुठं वळायचं, कुठं फाटे फुटायचे, सगळं गणितातनंच येतं.

कुपवाड_फौंड्री: आन् त्या पट्ट्याची रुंदी कोण ठरवणार? मेश (हिशोबासाठी पाडलेले बारके तुकडे) तर त्याहून बारीक पायजे, अख्खं धरण थ्रीडीत घेतलं की कॉम्प्युटर बसला बोंबलत.

पाटणचा_पाहुणा: बरं फ्रॅक्चर एनर्जी (चीर वाढवायला लागणारी ऊर्जा) तरी कुठली घालणार? कोयना रबल काँक्रीटची, आत एवढाले दगड. कोअर (भोक पाडून काढलेला नमुना) काढला तर दगड आला का मसाला आला यावर आकडा बदलतोय.

सांगलीकर_एमटेक: मग तेच काम मशीन लर्निंगला द्या ना राव, धरणावरच्या सेन्सरची हालचाल बघून आतला आकडा उलटा काढायचा.

वाईवरनं: उलटा काढशील रे, पण त्याच हालचालीला दोन वेगवेगळे आकडे बसले तर कुठला धरणार?