मुलगा जर्मनीत, पायाचं ऑपरेशन, आम्ही सोलापुरात. सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरहून लिहितोय. मुलगा दोन वर्षांपासून तिकडे शिकायला आहे, त्यानेच मला तिकडच्या मंडळाच्या या मेल-लिस्टवर घेतलं.

चौथीत असताना रिक्षा उलटून त्याची डावी नडगी गुडघ्याजवळ मोडली होती. हाड जुळलं, पण ते जिथून वाढतं तीच जागा दुखावली, आणि तो पाय मागे राहिला. आज साडेचार सेंटिमीटरचा फरक आहे. इतकी वर्षं डाव्या बुटाला जाड तळ लावून चालला, आता कंबर धरायला लागली आहे. तिकडच्या डॉक्टरांनी पायाला बाहेरून रिंगा बसवून हाड वाढवायचं ठरवलंय. ऑपरेशन ऑक्टोबरअखेर.

मुलगा म्हणतो, "बाबा, आठवड्यात घरी सोडतात, येऊ नका." त्याची आई काही ऐकत नाही. व्हिसा 90 दिवसांचा. तेवढे पुरतील का? की ऑपरेशन झाल्यावर त्यालाच इकडे आणावं? जानेवारीत गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची यात्रा आहे, तोवर बरा होईल असं आम्ही धरून चाललोय. लहानपणी नंदीध्वजाची मिरवणूक माझ्या खांद्यावर बसून बघायचा. आमचे टॉवेलचे चार लूम आहेत, त्यामुळे दोघांना एकदम निघता येणार नाही. सोबत काय द्यावं तेही सांगा.

---

नमस्कार काका,

मीही सोलापूरचीच, माहेर शुक्रवार पेठेत. सहा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या नडगीला इथेच रिंगा होत्या, चार सेंटिमीटरसाठी. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकूंना नक्की पाठवा. पण ऑपरेशनच्या आधी नको, दवाखान्यातून सोडतील त्या सुमारास येऊ द्या. ऑपरेशनच्या दिवशी पाय लांब होतच नाही. हाड कापून रिंगा बसवतात, आठवडाभर तसंच ठेवतात, आणि मग रिंगांवरचे नट फिरवणं सुरू होतं. एका वेळी पाव मिलिमीटर, दिवसातून चारदा. रोजचा एक मिलिमीटर. कापलेल्या टोकांमध्ये अशी पडत जाणाऱ्या फटीत नवं हाड धरत जातं. फार हळू गेलं तर फट वेळेआधीच सांधते, घाई केली तर हाड धरत नाही, शिवाय स्नायू आणि नसा ओढल्या जातात. सायबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. इलिझारोव्ह यांनी ही पद्धत बसवली. 1980 मध्ये कार्लो माउरी हे इटालियन गिर्यारोहक आपला कित्येक वर्षं बरा न झालेला पाय घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि त्यानंतर पश्चिम युरोपात ती पसरली. रात्र रात्र झोप यायची नाही तेव्हा मी हे सगळं वाचून काढलं होतं. आपल्या पायाला चाललंय ते कुणीतरी समजून-उमजून शोधलेलं आहे, एवढ्यानेही धीर यायचा.

तर 45 मिलिमीटरला 45 दिवस, तेही मध्ये डॉक्टरांनी वेग कमी केला नाही तर. काकूंचे 90 दिवस या काळाला पुरतात आणि त्या खऱ्या हव्यात याच काळात. त्यानंतर नवं हाड कडक व्हायला याच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर रिंगा पायातच. म्हणजे जानेवारीत लांबी मिळालेली असेल, पण हाड कच्चं असेल. गड्ड्याच्या गर्दीत तो पाय नेऊ नका काका. नट फिरवत असताना तर त्याला सोलापूरला आणायचा विचारही नको. दर आठवड्या-पंधरवड्याला एक्स-रे बघून वेग ठरवतात, तो ऑपरेशन करणाऱ्यानेच बघायला हवा. पुढेही इतक्या लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असते, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तिकीट काढू नका.

आता मला मुख्य सांगायचंय ते घोट्याबद्दल. घरातले सगळे जखमेकडे बघतात, रिंगांतून हाडात गेलेल्या पिनांकडे बघतात. घोट्याकडे कुणी बघत नाही. हाड लांब होतं तशी पोटरी मागे राहते, ताणते, आणि टाच वर ओढली जाते. मला दुखायचं म्हणून मी गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचे आणि व्यायाम उद्यावर ढकलायचे. चौथ्या आठवड्यात आईने पावलाखाली हात घातला आणि म्हणाली, "अगं, तुझी टाच टेकत नाहीये." टाच आणि फरशीच्या मध्ये तिची दोन बोटं सहज जात होती. नट फिरवणं थांबवावं लागलं, नंतर वेग निम्मा केला, आणि ती दोन बोटं भरून काढायला मला पाच महिने फिजिओथेरपी करावी लागली. अजून थंडीत तो घोटा सकाळी आखडतो.

म्हणून तुमच्याच लूमचे दोन टॉवेल द्या. पाय सरळ ठेवून बसायचं, टॉवेलचा मध्य चवड्याखाली घ्यायचा, दोन्ही टोकं धरून आपल्याकडे ओढायचं आणि फिजिओ सांगेल तेवढा वेळ तसंच धरायचं. दिवसातून कितीदा तेही त्यांनाच विचारा. गुळगुळीत पट्टा हातातून निसटतो, आपला टर्किश निसटत नाही. तो रडकुंडीला येईल. काकूंनी तेव्हा कडक व्हायचं.

पिनांना हळद लावू नका. माझ्या एका नात्यातल्या बाईंनी प्रेमाने आग्रह केला, आणि पिवळेपणात पू कुठला नि हळद कुठली ते नर्सला कळेना. दवाखाना सांगेल त्यानेच पुसायचं, हात धुऊन. लाली पसरली, पाणी यायला लागलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी फोन. पोटरी एकाएकी सुजून दुखली किंवा दम लागला तर फोनचीही वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी. सिगारेट ओढत असेल तर आजच बंद, हाड धरायला ती सगळ्यात वाईट. दुखण्याची गोळी सोलापूरहून पाठवू नका, काही गोळ्यांनी हाड भरणं मंदावू शकतं. तो डॉक्टरांना विचारूनच घेईल.

बाकी शेंगाचटणी आणि कडक भाकरी द्याच. पॅन्टची बाहेरची शिवण उसवून चाप बटणं लावून आणा, रिंगांवरून साधी पॅन्ट चढत नाही. आणि एक शबनम आणि छोटा थर्मास. दोन्ही हातांत कुबड्या असल्या की चहाचा कपही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. मला पहिल्या आठवड्यात रडू आलं होतं ते दुखण्याने नाही, त्या चहाने.

---

ताई,

तुमची मेल हिला वाचून दाखवली, दोनदा. ही म्हणाली, गड्डा पुढच्या वर्षी. टॉवेल चार काढून ठेवलेत, 30 बाय 60 इंची, जाड विणीचे. शिंप्याकडे पॅन्टी टाकल्यात.

मुलाला काल रात्री फोनवर घोट्याचं विचारलं तर म्हणाला, "हो, सांगितलंय त्यांनी," म्हणजे मनावर घेतलेलं नाही. तुमचा नंबर त्याला दिला तर चालेल का? दोन बोटांची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकू दे.

अजून एक अडचण बघा की. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. एवढ्या दिवसांसाठी तळमजल्यावर खोली कुणाकडे मिळेल का? भाडं देऊ.

---

काका, नंबर जरूर द्या, मी उद्याच बोलते त्याच्याशी. खोलीचं मंडळातल्या दोन घरी विचारलंय. एका आजींकडे तळमजल्याला मागची खोली रिकामी आहे, मार्चपर्यंत. बाथरूमला चार बोटांचा उंबरठा आहे, त्याला फळी टाकता येते का ते शनिवारी जाऊन बघते आणि कळवते.