जुनाट वेदनेच्या गटाला पेसिंग कसं शिकवावं?

प्रश्न: कंबरदुखी आणि फायब्रोमायल्जियाचे (अंगभर दुखत राहण्याचा जुनाट आजार) ८ रुग्ण, ९० मिनिटांचं सत्र. पेसिंगवर, म्हणजे दुखणं वाढण्याआधीच ठरलेल्या वेळी थांबत काम करण्यावर, नुसतं बोललं की सगळे माना डोलावतात, घरी मात्र काहीच होत नाही. प्रत्यक्ष काय करून घ्यावं?

उत्तर १: टॉवेलच्या घड्या. दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं जातात ते तीन वेगवेगळ्या दिवशी घरी मोजून आणायला सांगा. सरासरी १० आली तर गटात ८ मिनिटांचाच टायमर लावा. घंटा वाजली की घडी अर्धवट असली तरी हात थांबले पाहिजेत. खरी गोची इथेच होते! ‘एवढी एकच संपवतो’ म्हणणारा हमखास निघतो. चर्चा तिथूनच सुरू करा. दुखायची वाट बघत बसायचं नाही, वेळ झाली की थांबायचं.

उत्तर २: फायब्रोमायल्जियात सरासरीच्या ८० टक्केही (१० पैकी ८ मिनिटं) जास्त होऊ शकतात, निम्म्यापासून सुरू करा. त्रास दुसऱ्या दिवशी उमटतो, म्हणून लगेच वेळ वाढवू नका. आणि सुरुवातीला गोलात प्रत्येकाला वेदनेचा आकडा विचारू नका, सगळं सत्र त्यातच जातं. ‘या आठवड्यात काय जमलं?’ विचारा.

उत्तर ३: हात्यांच्या आणि बिनहात्यांच्या खुर्च्या, उभ्याने काम करायला उंच टेबल, तिन्ही ठेवा. पायात नवा बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा गेल्याचं कोणी सांगितलं, तर गट बाजूला, तातडीने डॉक्टर.