थंडी पडायला लागली, बागेत आत्ता काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

अंगणातली माती
नमस्कार मंडळी. घराभोवती छोटी बाग आहे, आधी सासूबाई बघायच्या, या वर्षी पहिल्यांदाच सगळी माझ्याकडे आलीय. आठवडाभर रात्री चांगलंच गार पडतंय, आज सकाळी तर लॉनवर दव गोठून पांढरं झालं होतं. पाचसहा गुलाब, दोन अझेलिया, एक मॅग्नोलिया, याच वर्षी लावलेला एक कॅमेलिया, थोडं लॉन आणि दहाबारा कुंड्या एवढा पसारा आहे. रविवारी एका दमात उरकायचं ठरवलंय, म्हणजे सगळी झुडपं छाटून नीट गोल करायची, सगळ्यांना खताचा एक डोस द्यायचा, पालापाचोळा झाडून पोत्यात भरून फेकून द्यायचा आणि पाणी बंद. बरोबर आहे ना? सासूबाईंनी पंधरा वर्षं जपलेली झाडं आहेत, माझ्या हातून एकही जायला नको म्हणून विचारतेय.

खुरपं आणि झारी
ताई, रविवारच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. कात्री आधी खाली ठेवा. अझेलिया आणि मॅग्नोलिया वसंतात फुलतात ना, त्यांच्या कळ्या उन्हाळा संपता संपताच तयार होऊन बसलेल्या असतात. आत्ता जाऊन फांदीचं टोक बघा, मॅग्नोलियाला टोकाला जाड, लव असलेली कळी दिसेल आणि खाली बारीक चपटे डोळे असतील, जाड कळी ती फुलाची आणि बारीक डोळा तो पानाचा. आत्ता गोल छाटलंत म्हणजे पुढच्या वर्षीची फुलं कापलीत. ही झाडं फुलून गेल्यावर लगेच छाटायची.

गुलाबाचीही मोठी छाटणी कडाका ओसरल्यावर. आत्ता फक्त खूप उंच गेलेल्या काड्या थोड्या आखूड करा, नाहीतर वाऱ्याने झाड हलत राहतं, बुंध्याभोवती माती सैल होऊन पोकळी पडते आणि तिथे पाणी साठून गोठतं. मोडलेली, वाळलेली, रोगट फांदी मात्र कधीही काढा.

आणि खत नकोच, त्यातही नत्र तर मुळीच नाही. नत्राने कोवळी फूट येते, ती पक्की व्हायच्या आत थंडी गाठते आणि शेंडे काळे पडतात. झाड आत्ता आवरून झोपायच्या तयारीत आहे, त्याला उठवू नका.

बांधावरचा
वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक सोपी गोष्ट सांगतो, फांदी मेलीय की झोपलीय कळत नसेल तर नखाने साल जराशी खरवडून बघायची, खाली ओलसर हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर तेवढी मेलेली, मग अजून थोडं खाली येऊन परत खरवडायचं. हे न करता दरवर्षी कितीतरी लोक जिवंत झाडं उपटतात, वाईट वाटतं बघून.

पाचोळा
मला पाल्याबद्दल बोलायचंय. पोत्यात भरून फेकू नका हो, सोनं आहे ते! लॉनवरचा तेवढा उचला, कारण ओल्या पानांचा जाड थर बसला की खालचं गवत गुदमरून पिवळं पडतं, पातळ थर असेल तर गवत कापायच्या मशीनने बारीक करून तिथेच राहू दिलात तरी चालतो. बाकीचा झुडपांच्या बुडाशी पसरा. उरला तर एका कोपऱ्यात रचून ओलसर ठेवा, वर्षा-दोन वर्षांत काळी भुसभुशीत पानमाती होते, तिचा वास एकदा घेतलात की परत पाला टाकून देणार नाही. आणि वाळलेल्या फुलझाडांच्या पोकळ काड्या सगळ्या कापू नका, त्यांच्यात एकट्या राहणाऱ्या छोट्या मधमाशा थंडी काढतात.

खुरपं आणि झारी
पाचोळा, एक दुरुस्ती. गुलाबाखालचा पाला यात धरू नका. पानांवर काळे ठिपके पडले असतील तर ती बुरशी गळलेल्या पानांवरच थंडी काढते आणि वसंतात पावसाच्या शिंतोड्यांबरोबर नव्या पानांवर चढते. तो पाला वेचून बागेबाहेरच गेला पाहिजे. घरच्या कंपोस्टचा ढीग थंडीत एवढा तापत नाही की बुरशी मरेल.

पाचोळा
हो हो, गुलाबाचं राहिलं, तुमचं बरोबर आहे.

मुळापासून
आच्छादनाबद्दल कळकळीने सांगते कारण मी एक झाड घालवलंय. तरुण सफरचंद होतं, चौथं वर्ष, थंडी लागू नये म्हणून बुंध्याला चिकटून वीतभर उंच पाल्याचा ढीग रचला. त्या उबेत उंदरांनी घर केलं आणि साल बुंध्याभोवती पूर्ण गोल कुरतडली. वसंतात ढीग बाजूला केला तर खाली बोटभर रुंदीचं पांढरं गुळगुळीत लाकूड आणि त्यावर बारीक दातांच्या रेघा. गंमत म्हणजे झाडाला पानं फुटली होती, फुलंही आली, मला वाटलं वाचलं. पण पाणी आतल्या लाकडातून वर चढतं आणि पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं, ती वाटच तुटली होती. मुळं उपाशी राहिली आणि भर उन्हाळ्यात झाड वाळलं.

तेव्हा थर ५ ते १० सेंटीमीटर पुरे आणि बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी. तरुण झाडाला बुडाशी बारीक जाळी गुंडाळलीत तर आणखी चांगलं. आणि घाई नको, माती चांगली गार झाल्यावर पसरा. आच्छादन माती तापवायला नसतं, ती सारखी गोठायची आणि सुटायची थांबावी म्हणून असतं, त्या उघडझापीत नवीन लावलेली रोपं मुळासकट वर उचलली जातात.

अंगणातली माती
बापरे, माझी तर सगळीच यादी उलटी निघाली. खूप खूप आभार सगळ्यांचे. आता पाण्याचं आणि कुंड्यांचं सांगा. थंडीत पाणी घातलं तर मुळं कुजत नाहीत का?

खुरपं आणि झारी
साचलं तर कुजतात, ओलीने नाही. तुमच्या कॅमेलियाची पानं गळत नाहीत, म्हणजे ऊन आणि वारा लागला की पानांतून पाणी जातच राहणार, आणि माती कोरडी किंवा गोठलेली असेल तर भरपाई होत नाही. मग पानांच्या कडा तपकिरी होतात आणि आपण म्हणतो थंडीने करपलं, खरं तर ते तहानलेलं असतं. त्यात हे झाड याच वर्षीचं, मुळं अजून लांब गेलेली नाहीत. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर सकाळी उशिरा, ऊन आल्यावर, आळं भरून पाणी द्या. जमीन गोठेपर्यंत हे चालू ठेवायचं. ओली माती दिवसाची ऊब कोरडीपेक्षा जास्त धरून ठेवते हा आणखी एक फायदा.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जपा, दव तेव्हाच गोठतं. नाजूक झाडांवर संध्याकाळीच जुनी चादर टाका, कडा जमिनीपर्यंत टेकल्या पाहिजेत कारण ऊब मातीतून वर येते, आणि सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिक पानांना चिकटलं तर तिथेच पान करपतं.

बांधावरचा
कुंड्यांचं मी सांगतो. जमिनीतल्या मुळांना चहूबाजूंनी माती असते, कुंडीतल्यांना बाजूने नुसती गार हवा, त्यामुळे तेच झाड कुंडीत आधी दगावतं. सगळ्या कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवा, खाली विटा द्या म्हणजे भोकातून पाणी निथळेल. मातीच्या कुंड्या पाणी पितात, आणि पाणी गोठताना जवळपास ९ टक्के फुगतं, म्हणून तडकतात. रिकाम्या असतील त्या कोरड्या करून आत ठेवा. घरात न्यायच्या झाडांची पानं आधी उलटी करून बघा, पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत कापसासारखा लपलेला असतो, एक झाड आत गेलं की सगळ्यांना लागतो.
पाण्याचा पाईपही रिकामा करून गुंडाळा, हे सगळे विसरतात.

अंगणातली माती
आत्ताच बाहेर जाऊन आले. भिंतीजवळचा जो गुलाब मी रविवारी उपटणारच होते त्याची साल खरवडली, वरची वीतभर तपकिरी निघाली आणि त्याखाली हिरवीगार! सासूबाईंना हाक मारून दाखवलं, त्या म्हणाल्या हा त्यांनी सगळ्यात आधी लावलेला. मेलेली वीत तेवढी कापली आणि खालचा काळ्या ठिपक्यांचा पाला वेचला, एक घमेलं भरलं.
शेवटचं एक, ट्युलिपचे कंद पडून आहेत, उशीर झाला का?

मुळापासून
नाही, खुरपं मातीत जातंय तोवर लावा. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर, पाणी साचणार नाही अशा जागी. त्यांना फुलायला १२ ते १६ आठवडे थंडी लागतेच, तेव्हा घरात ठेवू नका, उद्याच लावून टाका.