देवराईतल्या झऱ्यावर हक्क कुणाचा?
देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. "तिथली जमीन वनखात्याची, मग झऱ्यावर गावाचा हक्क कसला?" असं काही जण विचारतात. हक्क आहे, आणि कायद्यात लिहिलेला आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ५: पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, राधानगरीकडचे धनगरवाडे 'इतर पारंपरिक वननिवासी'त, म्हणजे अनुसूचित जमातीत नसलेल्या पण जंगलावर जगणाऱ्यांत बसतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. किमान दोन पुरावे हवेत. देवराई, पाणवठा, स्मशानाच्या खुणा चालतात, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, मात्र सांभाळा: निम्मे सभासद हजर, त्यांत एक तृतीयांश महिला.

आणि कृपा करून देवराईतल्या देवळाभोवती फरशी घालू नका, पालापाचोळा झाडून जाळू नका. त्याखालची भुसभुशीत मातीच पाऊस मुरवते. ती धुपली की पाणी वरून वाहून जातं आणि झरा उन्हाळ्याच्या तोंडावर आटतो.