अनुभव धागा : चिनी सिनेमे बघताना तुमचं काय झालं?

कपाट आवरताना जुन्या व्हीसीडींचा गठ्ठा सापडला. त्यात स्टीफन चाऊचा 'अ चायनीज ओडिसी' (१९९५), दोन्ही भाग. वानरराजाच्या दंतकथेची मनसोक्त टिंगल. नायक हातातली पेटी चंद्राकडे धरतो, मंत्र ओरडतो आणि थेट ५०० वर्षं मागे जातो. होस्टेलवर आम्ही डबा वर धरून 'बोरे बोलोमी!' किंचाळायचो. तो शब्द आपलाच, 'प्रज्ञापारमिता', हे कळायला पंधरा वर्षं लागली. तोवर मी त्याला शिवी समजत होतो.

परीक्षणं नकोत, किस्से लिहा. प्रवास, विनोद, दंतकथा, काहीही चालेल.

* * *

कामानिमित्त दोन वर्षं शांघायला होतो. नववर्षाच्या सुट्टीआधी ऑफिसातल्या मुलांनी 'लॉस्ट ऑन जर्नी' (२०१०) दाखवला. खेळण्यांच्या कंपनीचा मालक आणि थकलेली मजुरी वसूल करायला निघालेला गवळी, दोघांना छांगशा गाठायचंय. विमान बर्फामुळे माघारी, मग रेल्वे, मग बस, एकेक फसत जातं. विमानतळावर दूध आत नेऊ देत नाहीत म्हटल्यावर गवळी अख्खी मोठी बाटली तिथेच घशात ओततो.

मुलं पोट धरून हसत होती. मला मात्र गणपतीला परळहून पकडलेली एसटी आठवली. गाडी महाडच्या पुढे बंद पडली आणि शेजारच्या काकांनी 'आता वजन कशाला वाहायचं' म्हणत नेवऱ्यांचा डबा तिथेच रिकामा केला. त्यातल्या चार मी खाल्ल्या. ते काका आणि तो गवळी एकाच मुशीतले. शेवटी मालकाचा चेहरा उतरतो तेव्हा खोलीतलं हसू हळूहळू थांबलं. निम्म्या जणांना त्या वर्षी गावाकडचं तिकीट मिळालेलं नव्हतं, ते नंतर समजलं.

* * *

मला नाही झेपले. 'ग्रीन स्नेक'मधला साप बघून जत्रेतला रबरी साप आठवला. मॅगी च्यांगसाठी शेवटपर्यंत बसलो, एवढंच.

* * *

लेकाला २०१९चा 'ने झा' लावून दिला आणि साबा (सासूबाई) शेजारी येऊन बसल्या. खिशात हात घालून फिरणारं ते आगाऊ कार्टं त्यांना अजिबात आवडेना. मी कुठेसं वाचलेलं सांगितलं, की हे नाव बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलं, मूळचा हा नलकूबर, कुबेराचा मुलगा.

"नारदानं झाड केलेला तो? कृष्णानं उखळ अडकवून सोडवला ना त्याला!" साबा सावरून बसल्या. "सुटून तिकडे गेला होय मेला."

त्यानंतर पूर्ण सिनेमा त्यांनी नातेवाइकाचा बघावा तसा बघितला.

* * *

इतिहास शिकवतो. वानरराजाच्या सिनेमांतला तो भिक्षू रडका नाही तर बडबड्या असतो, त्यामुळे तो ज्याच्यावर बेतलाय त्या शुआनझांगचं, म्हणजे वर्गात आपल्या पुस्तकातल्या ह्युएनत्संगचं नाव काढलं की मुलं हसतात. मग मी सांगतो, हा माणूस सातव्या शतकात वाळवंट तुडवून आला, नालंदेत शिकला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. इथे मुलं छाती फुगवतात. लढाईआधी इथे हत्तींना दारू पाजतात, हेही लिहिलंय म्हटलं की वर्ग हातातून जातो.

* * *

वर 'ग्रीन स्नेक'चा विषय निघालाय म्हणून लिहिते. हांगझौला पश्चिम सरोवराकाठी लेफंग पॅगोडा आहे. सिनेमा ज्या दंतकथेवर आहे, तिच्यातल्या श्वेत नागिणीला त्याखाली कोंडलं अशी कथा. जुना पॅगोडा १९२४ साली कोसळला, आताचा २००२चा. मी जीव मुठीत धरून गेले, तर वर जायला सरकता जिना.

"म्हणजे १९२४लाच सुटली असेल ती," मी सहकारी बाईंना गमतीनं म्हटलं.

"हो, सुटली," त्या म्हणाल्या. गंभीरपणे.